मेलेले माकड आपल्याला काय सांगते?



गेल्या काजूच्या हंगामातील गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून मी बाहेर आलो, तर आपल्या धर्मग्रामातील एक वयस्कर शेतकरी वाट पाहत उभे होते. म्हणाले, "फादर, बागेच्या बांधापलीकडे एक वानर मरून पडलंय. वास सुटायच्या आत पोरांकडून खड्डा काढून पुरून टाकू का?" मी म्हटले, "बाबा, पोरांना तिकडे पाठवूच नका. आधी आरोग्य केंद्राला कळवू या." ते हसले. "मेलेल्या माकडाची वर्दी कोण घेतो, फादर? माणूस मेला तर एक वेळ कुणी विचारील!"

त्यांचा प्रश्न रास्त होता. माकड म्हणजे आपल्या दृष्टीने बागेचा शत्रू. नारळ, केळी, काजू, काही सोडत नाही. ते मेले तर शेतकऱ्याला दुःख कशाला व्हावे? परंतु आपल्या सह्याद्रीच्या पट्ट्यात मेलेले माकड ही एक सूचना असते, आणि ती वेळेवर योग्य ठिकाणी पोहोचली तर माणसांचे प्राण वाचू शकतात. ज्या रोगाची ही सूचना असते त्याला आपण 'माकडताप' म्हणतो. शास्त्रीय भाषेत त्याचे नाव 'क्यासनूर अरण्य रोग'. हा रोग कसा सापडला, तो आपल्या दारापर्यंत कसा आला आणि त्यावर आज कोणते उपाय आहेत, हे या अंकात पाहू.

क्यासनूरच्या जंगलात

१९५७ सालचा मार्च महिना. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात सोरब तालुक्यात क्यासनूर नावाचे जंगल आहे. त्या भागात माकडे पटापट मरून पडू लागली. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड, दोन्ही जातींवर संकट आले. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसे मोठ्या तापाने अंथरुणाला खिळत होती. वैद्य-डॉक्टरांना तो ताप विषमज्वरासारखा वाटे. गावकऱ्यांनी मात्र दोन्ही गोष्टींची सांगड घातली होती. कानडीत ते या आजाराला 'मंगन कायिले', म्हणजे 'माकडाचा आजार', म्हणू लागले.

ही बातमी पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रापर्यंत पोहोचली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून १९५२ साली हे केंद्र स्थापन केले होते. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते. माकडे मरत आहेत हे ऐकून तेथील शास्त्रज्ञांच्या काळजात धस्स झाले. कारण आफ्रिका व दक्षिण अमेरिकेत 'पीतज्वर' नावाचा एक भयंकर रोग आहे, आणि दक्षिण अमेरिकेत तो जंगलात शिरला की आधी माकडे मरतात. तो रोग भारतात कधीच आलेला नव्हता. तो पसरविणारा डास मात्र आपल्याकडे भरपूर आहे. पीतज्वर आला असता तर काय अनर्थ झाला असता, याची कल्पनाच करावी.

केंद्राचे संचालक डॉ. टेलफोर्ड वर्क, त्यांचे सहकारी डॉ. हॅरॉल्ड ट्रॅपिडो आणि भारतीय शास्त्रज्ञांचे पथक त्या जंगलात गेले. त्यांनी आजारी माणसांचे रक्त घेतले, मेलेल्या माकडांच्या अवयवांचे तुकडे घेतले आणि ते बर्फात ठेवून पुण्याला आणले.

प्रयोगशाळेत काय दिसले?

विषाणू इतका सूक्ष्म असतो की साध्या सूक्ष्मदर्शकातून तो दिसत नाही. दही लावल्यावर जसे विरजण वाढते तसा तो नुसत्या दुधात किंवा पाण्यात वाढतही नाही. त्याला जिवंत पेशी लागतात. म्हणून त्या काळी संशयित रक्ताचा थेंब पांढऱ्या उंदरांच्या नवजात पिलांच्या मेंदूत टोचीत आणि पिले आजारी पडतात का ते पाहत. पिले आजारी पडली, तर त्यांच्या मेंदूतून विषाणू वेगळा काढून तो कोणत्या कुळातील आहे याची परीक्षा करीत.

या परीक्षेत पीतज्वराचा विषाणू निघाला नाही. सर्वांना हायसे वाटले. परंतु जे निघाले ते अधिक चमत्कारिक होते. हा विषाणू रशियाच्या थंड जंगलातील मेंदूज्वराच्या विषाणूचा जवळचा नातेवाईक होता! सैबेरियाकडचा भाऊबंद म्हैसूरच्या रानात कसा? स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरून तो आला असावा अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने डॉ. सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत कडी घालून त्यांचे मार्ग अभ्यासले. आपल्याला पक्ष्यांविषयी पुष्कळ ज्ञान त्यातून मिळाले. मात्र पक्ष्यांनी हा विषाणू आणल्याचा पुरावा मिळाला नाही.

रशियातील तो रोग गोचिडांमुळे पसरतो, हे मात्र शास्त्रज्ञांना ठाऊक होते. त्यामुळे पुढचा शोध कुठे घ्यायचा ते उमगले. ट्रॅपिडो आणि त्यांचे सहकारी पांढरी कापडे जंगलातील पातेऱ्यावरून ओढीत नेऊ लागले. कापडाला चिकटलेले बारीक बारीक गोचीड वेचून त्यांनी प्रयोगशाळेत नेले, आणि त्यांच्या पोटात तोच विषाणू सापडला. या कामासाठी अनेकांनी आपला जीव धोक्यात घातला. प्रारंभीच्या वर्षांत या विषाणूवर काम करताना प्रयोगशाळेतील माणसांनाही हा ताप आला. आज अशा घातक विषाणूंसाठी पुण्यात पाषाण येथे अत्यंत बंदिस्त प्रयोगशाळा आहे. ती २०१२ साली सुरू झाली.

गोचिडाचा संसार

गुरे पाळणाऱ्या माणसाला गोचीड नवा नाही. परंतु जनावराच्या कानात टपोरा फुगलेला गोचीड आपण पाहतो, तो या रोगात माणसाला सहसा चावत नाही. माणसाला चावते ते त्याचे पिलू. तिळाएवढे, कधी त्याहूनही लहान. अंगावर चढले तरी कळत नाही.

या गोचिडाचा संसार असा आहे. पावसाळ्यात पूर्ण वाढलेले गोचीड गुरे, सांबर, गवा अशा मोठ्या जनावरांचे रक्त पितात. पोट भरलेली मादी खाली पडते आणि पातेऱ्याखाली मातीत अंडी घालते, शेकड्यांनी नव्हे तर हजारांनी. पाऊस संपल्यावर त्यातून सहा पायांच्या अळ्या निघतात. त्या रानउंदीर, चिचुंद्री, जमिनीवर वावरणारे पक्षी आणि माकडे यांचे रक्त पितात. यांपैकी एखाद्या प्राण्याच्या रक्तात विषाणू असला, तर तो अळीच्या पोटात जातो. अळी कात टाकून आठ पायांचे पिलू बनते, तरी विषाणू तिच्यात राहतोच. हे पिलू डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत पातेऱ्यात, गवताच्या पात्यावर, काटक्यांवर नवीन रक्ताची वाट पाहत बसते.

म्हणजे आपल्या दिनदर्शिकेप्रमाणे सांगायचे तर नाताळपासून ईस्टरपर्यंत, आणि पुढे पहिला पाऊस पडेपर्यंत, हा धोक्याचा काळ. आणि आपला जंगलातील सगळा उद्योग नेमका याच काळात चालतो: सरपण आणणे, भाजावळीसाठी व गोठ्यासाठी पातेरा गोळा करणे, काजू वेचणे.

आता मेलेल्या माकडाकडे वळू. वानर किंवा माकड आजारी पडले की त्याच्या रक्तात विषाणू प्रचंड प्रमाणात असतो, आणि अंगावर शेकडो गोचीड असतात. ते मेले, अंग गार पडले, की गोचीड त्याला सोडून खाली पडतात. अशा रीतीने ज्या झाडाखाली माकड मेले ती जागा विषारी पिलांचे कोठार बनते. माकड कुजून गेले तरी कोठार तसेच राहते. आमच्या त्या शेतकरी बाबांनी मुलांना खड्डा काढायला पाठविले असते, तर मुले नेमकी त्या कोठारात फावडे मारीत बसली असती. २०१२ च्या अखेरीस बंदीपूरच्या अभयारण्यात माकडे मेली, तेव्हा त्यांची विल्हेवाट लावणारे कर्मचारीच आजारी पडले होते.

यावरून कुणी असा अर्थ काढू नये की माकडांना मारून टाकले म्हणजे रोग जाईल. माकड हा या रोगाचा कर्ता नव्हे, तोही आपल्यासारखाच बळी आहे. माकड मेले नसते तर आपल्याला धोका कळलाच नसता.

जंगल, गुरे आणि आपण

हा रोग १९५७ सालीच का उफाळून आला, याचा विचार कोलंबियाचे शास्त्रज्ञ डॉ. होर्हे बोशेल यांनी केला. त्यांनी १९६९ साली मांडलेले मत थोडक्यात असे: लोकसंख्या वाढली, जंगल तोडून शेते व वस्त्या झाल्या, आणि गुरांचे कळप जंगलात खोलवर चरू लागले. पूर्वी गोचिडाला मोठे जनावर क्वचित मिळे. आता रोज शेकडो गुरे त्याच्या दारात येऊ लागली. गुरांना हा रोग होत नाही आणि त्यांच्यापासून तो आपल्याला थेट लागतही नाही. गायीच्या दुधातून तो पसरल्याचा पुरावा नाही. परंतु गुरांच्या रक्तावर गोचिडांची प्रजा मात्र बेसुमार वाढते.

त्यानंतर पन्नास वर्षांनी, २०२० साली, भारतीय व ब्रिटिश संशोधकांनी रुग्णांची गावे नकाशावर मांडून पाहिली. त्यांनाही असेच दिसले की घनदाट, अखंड जंगलाच्या पोटात धोका सर्वांत जास्त नसतो. जेथे सदाहरित जंगल आणि बागायत यांची गोधडीसारखी सरमिसळ झाली आहे आणि गावठी गुरे पुष्कळ आहेत, तेथे तो अधिक असतो. हे वर्णन वाचताना मला खानापूर, सत्तरी आणि दोडामार्गच डोळ्यांपुढे आले.

जंगल तोडणे म्हणजे केवळ झाडे गमावणे नव्हे. जंगलातील जीवांची एकमेकांशी जी घडी बसलेली असते ती आपण विस्कटतो, आणि त्या घडीत दबून राहिलेला एखादा रोग मग आपल्या उंबरठ्यावर येतो. शेतकऱ्याने पोटासाठी जंगलात जाऊ नये असे मी म्हणणार नाही. ते शक्यही नाही. परंतु जंगलाच्या काठावर राहणाऱ्याने त्या जंगलाची प्रकृती ओळखली पाहिजे.

रोग आपल्या दाराशी

अनेक वर्षे हा रोग शिमोगा जिल्ह्यापुरता होता. मग तो उत्तर कन्नड, दक्षिण कन्नड, उडुपी, चिकमगळूर या शेजारच्या जिल्ह्यांत दिसला. २०१३ साली केरळच्या वायनाड जिल्ह्यात रुग्ण सापडला. २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यातील पाळी गावात हा ताप आढळला. २०१६ साली सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात त्याची साथ आली. आणि त्याच वर्षी गोव्यातील काजूबागांत कामाला जाऊन परतलेल्या आपल्या बेळगाव जिल्ह्यातील मजुरांमध्येही तो सापडला.

ही शेवटची गोष्ट आपण विशेष लक्षात घ्यावी. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी कुटुंबे फेब्रुवारी-मार्चमध्ये घाटाखाली काजूच्या कामाला जातात. बोंडू झाडाखाली पडतो, तो पातेऱ्यातून वेचावा लागतो. बाया-माणसे दिवसभर त्याच पातेऱ्यात वाकून काम करतात, आणि दुपारी तेथेच झाडाखाली भाकरी खाऊन अंग टाकतात. ताप मात्र घरी परतल्यावर येतो. मग येथला डॉक्टर येथल्या रोगांचा विचार करतो. घाटाखालच्या बागेची गोष्ट त्याला आपण सांगितल्याशिवाय कशी कळावी?

ताप कसा ओळखावा?

गोचीड चावल्यापासून साधारणपणे तीन ते आठ दिवसांत ताप येतो. तो हळूहळू चढत नाही, एकदम येतो. थंडी वाजते, कपाळ ठणकते, कंबर, पिंढऱ्या आणि सर्वांगाचे स्नायू असे दुखतात की माणसाला कूस बदलवत नाही. डोळे लाल होतात. उलट्या किंवा जुलाब होतात. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून किंवा शौचावाटे रक्त जाते. रक्तदाब उतरतो, रक्तातील पांढऱ्या पेशी व बिंबिका कमी होतात. बहुतेक रुग्ण एक-दोन आठवड्यांत बरे होतात, पण अशक्तपणा पुष्कळ दिवस राहतो. काही रुग्णांना मधे बरे वाटून पुन्हा ताप उलटतो. तेव्हा डोकेदुखी, मान ताठणे, हातपाय थरथरणे, भ्रम होणे अशी मेंदूची लक्षणे दिसतात. शंभर रुग्णांपैकी तीन ते पाच दगावतात.

माझ्या परिचयाचा एक तरुण घाटाखालून असाच ताप घेऊन आला. पाच दिवस त्याने दुकानातून आणलेल्या अंगदुखीच्या गोळ्या खाल्ल्या. सहाव्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागले, तेव्हा घरचे घाबरले आणि त्याला इस्पितळात नेले. देवाच्या कृपेने तो वाचला, परंतु पुढे तीन आठवडे तो खाटेवरून उठला नाही. त्याच्या आईने मला विचारले, "फादर, आम्ही काय चुकलो?" मी तिला इतकेच सांगितले की माउली, तुमची चूक नाही, तुम्हाला हे कुणी सांगितलेच नव्हते. त्या दिवशीच हा लेख लिहायचे मी मनात घेतले.

अंगदुखीच्या गोळ्यांविषयी एक मोलाची सूचना. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. या तापात त्या घेऊ नयेत. ताप उतरविण्यासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावे.

आपले थोडेसे रक्त कुठे जाते?

आरोग्य केंद्रात रक्त घेतात तेव्हा अनेकांना वाटते की उगाच त्रास. म्हणून त्या रक्ताचे काय होते ते सांगतो. ते थंड पेटीत ठेवून प्रयोगशाळेत पाठवितात. तापाच्या पहिल्या दिवसांत रक्तात विषाणू स्वतः हजर असतो. आता उंदरांच्या पिलांची वाट पाहावी लागत नाही. विषाणूच्या अंतरंगातील जनुकीय द्रव्याचा अंश यंत्रात लाखो पटींनी वाढवून ओळखतात. या परीक्षेला 'पीसीआर' म्हणतात, आणि तिचा निकाल काही तासांत मिळू शकतो. चार-पाच दिवस उलटून गेल्यावर शरीर विषाणूशी झुंजण्यासाठी प्रतिपिंडे तयार करते, ती 'एलायझा' नावाच्या परीक्षेत दिसतात. म्हणून ताप कोणत्या दिवशी आला हे डॉक्टरांना नेमके सांगावे. त्यावर कोणती परीक्षा करायची ते ठरते.

डेंगी, लेप्टो, हिवताप आणि माकडताप पहिल्या दोन दिवसांत सारखेच दिसतात. नुसते पाहून कुणीही खात्रीने सांगू शकत नाही. ते काम त्या थोड्याशा रक्ताचे.

औषध आणि लस

खरे ते सांगितले पाहिजे. या विषाणूला मारणारे सिद्ध झालेले औषध आज नाही. काही औषधे प्रयोगशाळेत पेशींवर तपासली जात आहेत, परंतु रुग्णाला देण्याइतकी खात्री अजून कुणाची झालेली नाही. तरीसुद्धा इस्पितळात लवकर गेल्याने फार मोठा फरक पडतो. तेथे शरीरातील पाणी टिकवितात, रक्तदाब सांभाळतात, रक्तस्रावावर लक्ष ठेवतात, गरज पडल्यास रक्त देतात. झुंज रुग्णाचे शरीरच देते. त्याला तेवढा अवधी मिळवून देणे हीच येथे चिकित्सा.

लशीचा इतिहासही जाणून घेण्यासारखा आहे. पहिल्याने रशियन मेंदूज्वराविरुद्धची लस अमेरिकेतून आणून दिली, कारण दोन्ही विषाणू भाऊबंद. तिचा उपयोग झाला नाही. मग पुण्याच्या शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या अंड्यातील गर्भाच्या पेशींत हा विषाणू वाढवून, फॉर्मॅलिनने मारून, आपली लस तयार केली. पुढे अनेक वर्षे ती कर्नाटकात दिली गेली. एका महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, नंतर सहा ते नऊ महिन्यांनी एक आणि पुढे दरवर्षी एक, असा तिचा क्रम होता. २००५ ते २०१० या काळातील अभ्यासात दोन मात्रांनी सुमारे ६२ टक्के आणि पुढच्या मात्राही घेतल्या तर सुमारे ८३ टक्के संरक्षण मिळाल्याचे दिसले. परंतु टोचल्या जागी दुखे, मात्रा अनेक, म्हणून पुष्कळ लोक अर्ध्यावर सोडीत. पुढे लशीची शक्तीच उणी पडू लागली, आणि २०२२ साली कर्नाटक शासनाने ती देणे थांबविले.

आता भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची इंडियन इम्युनॉलॉजिकल्स ही कंपनी यांनी मिळून नवीन लशीचे काम हाती घेतले आहे. कोणतीही लस आधी प्राण्यांवर, मग थोड्या माणसांवर, मग पुष्कळ माणसांवर तपासून पाहावी लागते. नांगरल्याबरोबर पीक येत नाही, तसेच हेही आहे. म्हणून लस आल्याची बातमी कानावर पडली, तर आधी आरोग्य केंद्रात खात्री करून घ्यावी. कुणी घरी येऊन सुई देऊ लागला तर घेऊ नये.

तोपर्यंत एक साधे साधन आपल्या हाती आहे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेत 'डेपा' नावाचे कीटकांना दूर ठेवणारे द्रव्य शोधून काढण्यात आले. जवानांसाठी केलेले हे औषध माकडतापाच्या गावांत तेलाच्या रूपाने वाटले जाते. जंगलात जाण्यापूर्वी ते उघड्या हातापायांना लावावे. थोडे चिकट लागते, परंतु तापापेक्षा चिकटपणा बरा.

आपण काय करावे?

१. माकड मेलेले दिसले तर हात लावू नये, पुरू नये, जाळू नये, जवळ जाऊ नये. जागा नीट लक्षात ठेवून वन खाते, आरोग्य केंद्र, आशा सेविका किंवा ग्रामपंचायत यांना त्याच दिवशी कळवावे. प्रत्येक माकड या रोगानेच मेलेले असते असे नाही. विजेच्या तारेने किंवा कुत्र्यांनीही ते मरते. निवाडा प्रयोगशाळा करील.

२. त्या जागेच्या आसपास गुरे नेऊ नयेत, सरपण व पातेरा आणू नये. खात्याची माणसे तेथे गोचीडनाशक भुकटी टाकतात, त्यांना वाट दाखवावी.

३. डिसेंबर ते मे या काळात बागेत वा जंगलात जाताना अंगभर कपडे घालावेत, पायजम्याची टोके मोज्यांत खोचावीत. पातेऱ्यावर नुसते बसू किंवा झोपू नये.

४. घरी येताच कपडे बाहेर काढून कढत पाण्यात भिजत घालावेत आणि साबण लावून ऊन पाण्याने आंघोळ करावी. काखा, जांघा, गुडघ्यामागे, कानामागे एकमेकांनी पाहावे. मुलांचे अंग आईने पाहावे.

५. गोचीड चिकटलेला दिसला तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा. नखाने चिरडू नये, पेटती विडी लावू नये. नंतर जागा साबणाने धुवावी.

६. गुरांच्या गोचिडांवर पशुवैद्याच्या सल्ल्याने वेळच्या वेळी औषध करावे. ते काम पावसाळ्यातही सोडू नये, कारण पुढच्या वर्षीची पिलावळ तेव्हाच तयार होते.

७. ताप आला तर पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठावा, आणि 'मी अमक्या बागेत कामाला होतो, तेथे माकड मेले होते' हे न विचारता सांगावे.

शेवटी एक गोष्ट. हा रोग एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही. रुग्णाच्या घरी जाण्यास, त्याला पाणी पाजण्यास, त्याच्या उशाशी बसण्यास भिण्याचे कारण नाही. एका वस्तीत असा रुग्ण निघाला तेव्हा शेजाऱ्यांनी त्या घरची वाट बंद केली होती. हे अज्ञान होय, आणि आजाराहून ते अधिक दुखविते. आजाऱ्याला भेटणे हे आपले कर्तव्यच आहे. या तापात ते निर्धास्तपणे पार पाडता येते.

१९५७ साली पुण्याच्या शास्त्रज्ञांकडे यंत्रे होती, ज्ञान होते. परंतु माकडे मरत आहेत ही वर्दी खेड्यातून आली नसती, तर ते सर्व ज्ञान पुण्यातच पडून राहिले असते. आजही तसेच आहे. प्रयोगशाळा कितीही मोठी झाली तरी तिला आपल्या बागेतले दिसत नाही. तेथे तिचे डोळे म्हणजे आपण.

त्या शेतकरी बाबांच्या वानराचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. आम्ही कळविले, खात्याची माणसे आली, नमुना नेला, भुकटी टाकली. काही दिवसांनी निरोप आला की त्या वानरात माकडताप नव्हता. बाबा पुन्हा हसले, "बघा, उगाच धावपळ केली." मी म्हटले, "बाबा, रात्री कुत्रा भुंकला आणि चोर नव्हता, म्हणून आपण कुत्र्याला हाकलून देतो का?"

यंदा फेब्रुवारीत त्यांच्याच बागेच्या कडेला दुसरे माकड मेले. या वेळी वर्दी द्यायला ते स्वतःच गेले होते. मला मागाहून कळले.